उतारावरचा सैल दोर

मंडळी, आज दुपारी माझ्यापायी एक माणूस मरता मरता वाचला. सायबर कॅफेत बसून लिहितोय.

भंगारातून सोडवलेली माझी जुनी लॉरी ट्रॅक्टरवाला रामधनी दोराने ओढून माझ्या गोदामाकडे आणत होता. मागे लॉरीच्या स्टीअरिंगवर मी. माझं काम एकच, उतारावर हँडब्रेक ओढत दोर ताणलेला ठेवायचा.

नदीवरच्या राजघाटच्या पुलावरून उतरताना काठच्या घाटांची रांग दिसली आणि शाळेत चालीवर म्हटलेली कविता मी मोठ्याने म्हणू लागलो. दुसरं कडवं आठवत होतो, तोवर दोर रस्त्यावर लोळू लागला आणि रामधनीची पाठ माझ्या अंगावर येऊ लागली.

दोन्ही हातांनी ब्रेक ओढला. लॉरी त्याच्यापासून हातभरावर थांबली.

तो उतरला. दोराची गाठ तपासत म्हणाला, “कविता पूरी हो गई, गुरुजी?”

“अब किसी और को बिठाओ, भैया.”

“आप तो डर चुके हैं. नया आदमी डरेगा नहीं. बैठिए.”

बसलो. गोदामापर्यंत दोरावरची नजर हलवली नाही.

त्याच्या जागी तुम्ही असता, तर मला पुन्हा मागे बसवलं असतं का?