हात मागं बांधणारा भाडेकरू

आमच्या माडीवरचा भाडेकरू हुपरीचा, चांदीचे पैंजण घडवणाऱ्या घरातला. कॉम्प्युटरवर काम करतो. दुसऱ्याच्या कामापुढं उभा राहिला की हात पाठीमागं बांधतो. मला तो माजोरी वाटायचा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी नातीचा प्रोग्राम चालेना. ती रडायला लागली, म्हणून त्याला खाली बोलावलं. हात मागं बांधूनच तो तिला म्हणाला, "लायब्ररीची फाइल तू केलेल्या वेगळ्या फोल्डरातच हाय की. कंपायलर सवयीनं बाहेर शोधतोय. कुठल्या फोल्डरात बघायचं, तो पत्ता लिहून दे त्याला."

ती चुकत राहिली, हा नुसता उभा. मी चिडले. "हात लावलास तर झिजणार हाय काय?"

"आज्जी, आमच्याकडं दुसऱ्यानं जोडायला मांडलेल्या पैंजणाला हात लावत न्हाईत. कच्चा जोड हलतो."

तासाभरानं तिचं तिनंच जमवलं. तो चहा न घेता वर गेला. मीही थांब म्हटलं नाही.

परीक्षेत कॉलेजच्या मशीनवर पुन्हा तेच अडलं. विचारायला कुणी नव्हतं. नातीनं पत्ता लिहिला आणि प्रोग्राम चालला.

त्या संध्याकाळी चहा घेऊन मी माडी चढले. गुडघ्यांमुळं वर्षभर चढले नव्हते.

"आज्जी, हाक मारायची की!" म्हणत त्यानं कप घ्यायला दोन्ही हात पुढं केले.