पंख्यावरचं पाचवं टिंब

मी एक धडधाकट बेअरिंग गॅसकटरनं कापून काढायला लावलं. ऐन हंगामात, कारखाना बंद ठेवून. बेअरिंगचा काही दोष नव्हता. दोष माझा होता, आणि तो मीच स्वतःच्या अंगठ्यानं लावलेला होता.

हिंदी मुलखातल्या आमच्या गावी, देवास रस्त्यावर, सोयाबीनचं तेल काढणारा कारखाना होता. तिथं मी मेंटेनन्स इंजिनीअर म्हणून लागलो होतो. लागलो म्हणजे वर्षाच्या बोलीवर. पक्कं करायचं की घरी पाठवायचं, ते दिवाळीला ठरणार होतं. वडील बँकेतून रिटायर झालेले, आणि मी बँकेची परीक्षा न देता या तेलात पडलो हे त्यांना मुळीच पटलेलं नव्हतं. संध्याकाळी गावातल्या फ्रीगंज भागातल्या घरासमोर स्कूटर स्टँडवर लावेपर्यंत आतून आवाज यायचा, "काय रे, लेटर मिळालं?"

गप्प बसून लेटरची वाट बघणं माझ्या स्वभावात नाही. बाहेरच्या देशांतली यंत्रं तेव्हा नुकतीच सहज मिळायला लागली होती. एक कॅटलॉग हाती लागला आणि त्यातल्या एका मीटरनं मला झपाटलं. मशीनची थरथर मोजणारं मीटर! यंत्र मोडायच्या कितीतरी आधी जास्त थरथरायला लागतं. दर हप्त्याला मोजा, वहीत लिहा, आकडा चढायला लागला की सोयीच्या दिवशी उघडा. मोडल्यावर धावाधाव नको. मी महिनाभर मॅनेजरसाहेबांच्या मागे होतो. ते नागपूरकडचे.

"डोकं खाऊन राहिले तुम्ही माझं," ते शेवटी म्हणाले. "घ्या मीटर. पण हंगामात फुकटचा एक दिवस जरी कारखाना बंद पडला ना, तर मीटर आणि तुम्ही, दोघंही एकाच खोक्यात परत."

आमचा फिटर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. मीटरवर त्याचा माझ्याहून जास्त विश्वास बसला. आम्ही दोघांनी प्रत्येक बेअरिंगच्या झाकणावर रुपयाएवढी जागा कानशीनं घासून लख्ख केली. मीटरचं लोहचुंबक दर वेळी तिथंच चिकटवायचं. "जागा बदलली की आकड्याला काही अर्थ नाही," असं लेक्चर मी त्याला चार वेळा तरी दिलं असेल.

मग दसरा आला. बॉयलरचा धूर ओढणारा मोठा पंखा थांबला की सगळा कारखाना थांबतो, म्हणून सगळ्या मशिनींच्या वतीनं पूजा त्याची. पंडितजी घाटावर यजमानांत अडकले ते आलेच नाहीत. फिटर म्हणाला, "साब, आप ही कर दो. मराठी घर के हो, पूजा-पाठ तो आता ही होगा."

घरी पूजा वडील करायचे. माझ्याकडे प्रसाद खायचं खातं होतं. पण तीस माणसं हात जोडून उभी असताना हे सांगणार कसं? मी ओल्या कुंकवात अंगठा बुडवला आणि त्या काळ्या, तेलकट पंख्यावर स्वच्छ जागा शोधायला लागलो. एक सापडली. काय चकचकीत जागा! मला फार आनंद झाला. तिथं झोकात स्वस्तिक काढलं, चार टिंबं दिली, वरून मूठभर अक्षता टाकल्या.

चौथ्या दिवशी रीडिंग घेतलं. एरवी अडीचच्या आसपास राहणारा आकडा सहा झाला होता.

तिथून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. चहा सांगायचा आणि तो निवेपर्यंत पंख्याकडे दोन चकरा मारायच्या. खुर्चीत बसलो की पाय हलायला लागायचे. सहा. पुन्हा सहा. दुसऱ्या दिवशी सात.

फिटरनं झाकणावर हात ठेवून पाहिला, कान लावून पाहिला. "साब, गरम नहीं है. आवाज भी नहीं."

"तीच तर गंमत आहे!" मी म्हणालो. "गरम होईपर्यंत उशीर झालेला असतो. मीटर त्याच्या आधी सांगतं."

त्यानं मान डोलावली. मीच त्याला इतकं पटवून ठेवलं होतं की आता मला अडवणारं कोणी उरलं नव्हतं.

गेटपासून रस्त्यापर्यंत सोयाबीनचे ट्रक लागलेले. पंखा थांबवला आणि आत काही निघालं नाही, तर माझी नोकरी गेली. नाही थांबवला आणि बेअरिंग जाम झालं, तरी गेलीच. सकाळी मॅनेजरसाहेबांना सांगितलं. त्यांनी खिडकीतून ट्रक पाहिले.

"खात्री आहे?"

"शंभर टक्के." तेव्हा मी टक्क्यांतच बोलायचो.

पंखा थांबला. फिटरनं झाकण उचललं आणि धुतलेल्या फडक्यावर, स्वस्तिक वर करून, अलगद ठेवलं. बाकी सगळ्यांचे हात ग्रीसनं बरबटले, पण त्या कुंकवाला कोणी बोट लावलं नाही. पूजेचं कुंकू कोण पुसणार? बेअरिंग शाफ्टवरून निघेना, म्हणून कापलं. स्टोअरमधलं एकुलतं एक नवं बसवलं. कापलेला तुकडा मी उजेडात फिरवून पाहिला. आतून आरशासारखा! दोष बारीक असेल, डोळ्यांना दिसत नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

संध्याकाळी पंखा चालू केला. चुंबक चिकटवलं. सात.

मदतीची माणसं हात धुवायला गेली होती. फिटरनं मीटर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग वाकून झाकणाजवळ तोंड नेलं.

"साब, सातिये में बिंदी कितनी होती हैं?"

"स्वस्तिकात? चार."

"यहाँ तो पाँच हैं."

त्यानं नखानं खरवडलं. तांदळाचा दाणा निघाला. कुंकवात बुडालेला, झाकणाच्या नेहमीच्या उबेनं पक्का चिकटलेला. ती चकचकीत जागा म्हणजे आम्हीच कानशीनं घासलेली मीटरची जागा होती, आणि त्या एका दाण्यावर माझं चुंबक तीन दिवस डुगडुगत होतं. फिटरनं झाकणाला हात लावून कपाळाला लावला, फडक्यानं जागा पुसली, पुन्हा चुंबक ठेवलं. अडीच.

दाणा तळहातावर घेऊन तो म्हणाला, "फेंक दूँ?"

मी पंख्याभोवती तीन फेऱ्या घातल्या. वहीत आधी सात, बेअरिंग बदललं, मग अडीच. कोणीही वाचलं असतं तर मला खांद्यावर घेऊन नाचलं असतं. लेटर त्याच दिवशी! पण स्टोअरमध्ये आता दुसरं बेअरिंग नव्हतं, आणि नवं मागवताना साहेब कापलेला तुकडा बघायला मागणारच होते. शिवाय तो सात वहीत खरा म्हणून राहिला असता, तर पुढचा प्रत्येक सात बघून माझीच झोप उडाली असती. सत्याची ओढ वगैरे काही नाही. दाणा कागदात बांधून मी मॅनेजरसाहेबांकडे नेला.

त्यांनी कागद उलगडून दाणा टेबलावर ठेवला.

"सकाळपासून कारखाना बंद ठेवला तुम्ही. याच्यासाठी?"

"हो साहेब."

"मीटर राहील. वही आजपासून फिटर लिहील. तुमचं लेटर टाइप होऊन आलं आहे, ते होळीपर्यंत माझ्या खणात. तोवर दर हप्त्याला मी तुमचं रीडिंग घेतो."

घरी स्कूटर लावतोय तोच आतून आवाज आला, "काय रे, लेटर मिळालं?"

मी आत जाऊन सगळं सांगितलं. दसरा, अंगठा, दाणा, होळी. वडिलांनी पेपर बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकून घेतलं, त्यामुळे मला वाटलं, आता धीर देणार.

"म्हणजे इंजिनीअरिंग तर आलंच नाही तुला," ते म्हणाले. "पण या घरात जन्मून साधी पूजाही नाही आली?"