सगळ्यांना मोकळा रिपोर्ट

आमच्या हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवर बसणारी बाई मंगळवेढ्याकडची. तिच्या गावातल्या, आमच्याकडे तपासणीला आलेल्या एका मुलीला क्षय असल्याचं गावभर झालं, ठरत आलेलं लग्न मोडलं आणि सगळ्यांचं बोट हिच्याकडे गेलं. गावची आहे म्हणजे हिनंच फोडलं, एवढाच काय तो पुरावा! साहेब तिला काढून टाकायला निघाले. माझं डोकंच फिरलं. डेटाबेस सांभाळते मी. म्हटलं, आधी मला बघू द्या.

डेटाबेसमध्ये 'सर्वांना' अशी एक परवानगी असते. माहितीच्या एखाद्या तक्त्यावर ती दिली, की लॉगिन असलेल्या कुणालाही तो तक्ता उघडतो, उद्या नवा माणूस आला तरी. ती कुठेकुठे दिलीय ते मी तपासलं. पेशंटच्या रिपोर्टांवरही होती. सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांनी एकेका खात्याची कटकट नको म्हणून सरसकट देऊन टाकलेली. म्हणजे औषधांचं दुकान, कँटीन, पार्किंगची खिडकी, सगळ्यांना मुभा. धन्य ती मंडळी! बरं, कुणी काय वाचलं याची नोंद ठेवायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

ती परवानगी रद्द करून मी साहेबांकडे गेले. कुणीही वाचू शकत होतं म्हटल्यावर त्यांचा आवाज खाली आला, आणि बाईची नोकरी टिकली.

तिला मात्र चैन पडेना. "मॅडम, गावात आमच्या आईसंगं कुणी बोलंना. तुमी येऊन सांगा की."

रविवारी आम्ही दोघी एसटीनं गेलो. मुलीच्या आईनं चहा दिला, ओसरीवर चढलेली शेळी हाकलली आणि समोर बसली. मुलगी आतल्या दाराशी उभी होती. मी सोपं करून सांगितलं, की हिला एकटीला दोष देता येणार नाही, तो रिपोर्ट हॉस्पिटलात कुणालाही उघडत होता.

"मग आमी उगंच हिला बोललो की," आई म्हणाली आणि तिनं बाईचा हात धरला. बाईला रडू आलं. मलाही फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात दारातून मुलीनं विचारलं, "म्हंजी समद्यांनीच वाचला व्हय?"

कुणी वाचला याची नोंदच नव्हती, नाही तरी कशाच्या जोरावर म्हणणार?