बहिणीचा तोल

चूक माझी होती, आणि ती मी भरल्या वर्गात केली.

भूकंपानंतरची दिवाळी नुकतीच झाली होती. लातुरात मी बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवायचो. धाकटी बहीणही त्याच क्लासात बसायची. एकदा गणित सोडवायला फळ्याकडे येताना ती झोकांडली. "दादा, जमीन हालून राहिली," म्हणाली.

"सगळ्या लातूरचा भूकंप संपला, हिचा एकटीचा चालूच हाय!" मी म्हणालो. पोरं खदखदून हसली. ती बाक धरत धरत जागेवर गेली.

त्या दिवसांत कुणालाही गरगरलं की आम्ही भूकंपाची भीती म्हणायचो. बारीक धक्के अधूनमधून खरंच बसत होते. ती सकाळी उठल्या उठल्या ओकायची, डोकं धरून बसायची. आई लिंबूपाणी द्यायची आणि मी टेस्टचा पेपर. एकाची दोन अक्षरं दिसतात म्हणाली, तेव्हा चष्म्यासाठी तिला नांदेडला मावशीकडे नेलं. मार्क जाऊ नयेत, एवढीच माझी काळजी.

तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांच्या आत बराच वेळ पाहिलं, मग तिला सरळ रेषेत चालायला लावलं. तिला जमलं नाही.

"चष्म्याचं काम नाही हे. डोळ्यामागं सूज आहे, मेंदूवर दाब असणार. आजच हैदराबादला न्या."

त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. हैदराबादच्या स्कॅनमध्ये लहान मेंदूत, जिथून शरीराचा तोल सांभाळला जातो, तिथं रक्तवाहिन्यांची गाठ निघाली. शेजारी पाण्याची पिशवी. हेमँजिओब्लास्टोमा. क्वचित होणारी गाठ, कॅन्सर नव्हे. सावकाश वाढते, पण दाब वाढला की जीव घेते. "तुकडे करून काढली तर रक्त थांबत नाही, अख्खीच सोडवावी लागते," सर्जन म्हणाले. त्यांनी ती अख्खी सोडवली.

ही गाठ पुन्हा होऊ शकते, कधी घराण्यातही असते. म्हणून आईची आणि माझीही तपासणी झाली. आम्हाला काही नव्हतं. बहीण आता चाकूरला शिक्षिका आहे. दर वर्षी स्कॅनला मी सोबत जातो, पण वर्गातल्या त्या दिवसाबद्दल बोलायचं दर वर्षी राहून जायचं.

यंदा रिपोर्टची वाट बघताना मी सारखा उठून खिडकीशी विचारून येत होतो. ती म्हणाली, "दादा, डोकं माझं हाय, तू काहून घाबरून राहिलास?"

रिपोर्ट यायच्या आधीच मी बोललो, "तू खरं सांगत होतीस. मी ऐकलं नाही, वर सगळ्यांसमोर तुला हसलो. लई चुकलं माझं. मला माफ कर."