मोकळी तार

घरात शिरण्याआधी ती दारातच थांबायची. पिशवीतून चिकटपट्टीचा तुकडा काढायची, दहाही बोटांच्या टोकांवर दाबून उचलायची, पट्टी आतल्या बाजूला दुमडायची आणि मगच चप्पल काढायची. तिचं काम काचेच्या तारांचं. केसाएवढी तार कापली की तिचे कण बोटांत शिरतात. दिसत नाहीत, नुसते सलत राहतात. मुलगी रांगत होती तेव्हा ही सवय लागली, मुलगी कॉलेजात गेली तरी सुटली नाही. "बोटं सोलून घरात येणारी सून आमच्याच नशिबी," असं सासूबाई म्हणत. पण पट्टी संपत आली की नवीन रीळ त्याच आणून ठेवत.

कामावर सगळे तिला काचताई म्हणत. नदीवरच्या मोठ्या पुलाच्या तुळयांमध्ये या तारा तिनेच बसवल्या होत्या, काँक्रीट ओतण्याआधी, सळ्यांवर ओणवी होऊन. तारेतून प्रकाश सोडायचा. काँक्रीट ताणलं की तारही ताणली जाते, परत येणारा प्रकाश किंचित बदलतो आणि कार्यालयातल्या पडद्यावरची रेघ हलते. अडचण एवढीच की तार उन्हानेही ताणली जाते. म्हणून प्रत्येक बांधलेल्या तारेशेजारी, बारीक नळीत, दुसरी एक तार मोकळी सोडलेली. तिला पुलावरचा भार कळत नाही, फक्त ऊन कळतं. पहिलीतून दुसरी वजा केली की पुलाचा खरा ताण उरतो, आणि पडद्यावर तोच दिसतो. "एक संसारात अडकलेली आणि एक बिनलग्नाची," असं ती नव्या माणसांना समजावायची, आणि एकदा ऐकलेलं कोणी विसरत नसे.

पुलाचं रंगकाम झालं आणि मधल्या तुळईची रेघ सपाट पडली. इतकी सपाट, की रेती भरलेले ट्रक जाताना पुलाचा कठडा हाताला थरथरायचा, पण पडद्यावर काही नाही. मोठे साहेब खूश. पाहुणे आले की ते त्या रेघेपुढे उभे राहून म्हणायचे, "बघा, बाळासारखा झोपलाय पूल."

काचताईला ती झोप खपेना. ढगाळ सकाळी, ऊन नावाला नसताना, ती दोन्ही तारांच्या वेगवेगळ्या रेघा लावून बसली. ट्रक आला, बांधलेली तार ताणली, ते ठीकच. पण मोकळी तारही तिच्याबरोबर ताणली, आणि ट्रक गेल्यावर तिच्याबरोबरच सैल झाली. त्याहून वाईट म्हणजे बांधलेल्या तारेची रेघ ट्रक गेल्यावरही जुन्या जागी येत नव्हती. मागच्या नोंदी पाहिल्या, तर ती रोज थोडी वर राहत होती.

ती पुलाखाली गेली. पुलाची डागडुजी करणारे गवंडीकाका तिथेच होते.

"काका, मधल्या तुळईतली बारीक नळी कोणी भरली?"

"मी," काका कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले. "रंगाआधी तोंड उघडं दिसलं. पाणी शिरलं असतं. पंप लावून पातळ सिमेंट सोडलं, पार पलीकडून बाहेर येईपर्यंत. मागे एक भोक राहिलं होतं तर तूच माझी सालटी काढली होतीस ना? म्हणालीस, उघडं काही ठेवायचं नाही."

तसं ती खरंच म्हणाली होती. मोकळी तार आता काँक्रीटमध्ये घट्ट आवळली गेली होती. दोघी एकत्र ताणल्या जात होत्या, एकत्र सैल होत होत्या, आणि वजाबाकीत काहीच उरत नव्हतं. पुलाला काहीही झालं असतं तरी पडद्यावर तो ठणठणीतच दिसला असता.

काकांवर तिला राग आला नाही. राग आला तो साहेबांच्या खोलीत.

"नवी नळी बसेपर्यंत आणि तुळई तपासेपर्यंत ट्रक आणि बस बंद ठेवा," ती म्हणाली.

"ताई, पूल बरा आहे याचंच तुम्हाला दुःख झालेलं दिसतंय." साहेब खुर्चीत मागे रेलले. "उन्हाचा परिणाम असेल."

"ऊन ट्रकबरोबर येतं आणि ट्रकबरोबर जातं का, साहेब?"

"पुढच्या आठवड्यात पाहुणे येतायत. ते गेले की बघू."

"तोवर माणसं त्यावरूनच जाणार."

"तुमचे मिस्टर बस चालवतात, म्हणून तुम्ही जरा हळव्या झालायत."

नवरा रोज त्या पुलावरून बस नेत असे, ही गोष्ट खरी होती. पण बसमधले बाकीचे कोणाचे कोणीच नव्हते की काय? हा प्रश्न ओठांवर आला तेव्हा साहेबांनी फोन कानाला लावला होता. साहेबांना कळलं नव्हतं असं नाही, हेच तिला जाळत होतं. त्यांना सगळं नीट कळलं होतं. पाहुण्यांपुढे रेघ सपाट हवी होती, बस.

तारेचा सिग्नल तुटला की अवजड वाहतूक आपोआप थांबवायची आणि तुळई हाताने तपासल्याशिवाय सोडायची नाही, हा नियम पुलावर पहिल्यापासून होता. ती तारांच्या पेटीकडे गेली, कातर काढली आणि आवळलेली ती मोकळी तार कापली. पडदा लाल झाला. पुलाच्या दोन्ही टोकांना अडसर खाली आले.

साहेब धावत आले. "कोणी तोडली?"

"मी. तशीही मेलेलीच होती."

तिला त्याच दुपारी घरी पाठवलं. तपासणारे तुळईखाली शिरले, आणि टेकूजवळ त्यांना तिरपी भेग सापडली. रंगाच्या नव्या थराखाली बोटाचं पेर जाईल एवढी. पूल अवजड गाड्यांना बंदच राहिला. तिला मात्र परत कोणी बोलावलं नाही. मालमत्तेची नासधूस केली, असं कारण सांगण्यात आलं.

काही दिवसांनी जेवताना टीव्हीवर साहेब दिसले. हेल्मेट घालून, पुलाखाली उभे. "आमच्या यंत्रणेने वेळेवर इशारा दिला," ते सांगत होते.

तिचा घास हातातच राहिला. "यंत्रणेने? यांची यंत्रणा तर बाळासारखी झोपली होती ना? लाज कशी वाटत नाही या माणसाला?"

"अगं, तुझंच कौतुक चाललंय," नवरा म्हणाला. "फक्त नाव बदललंय. आजपासून तुला यंत्रणा म्हणू का?"

सासूबाई खुदकन हसल्या. ती हसली नाही. भेगेजवळ उभं राहून, चमकत्या हेल्मेटात, तो माणूस अजून बोलतच होता. तिने उष्ट्या हाताने पाण्याचा पेला सरकवला, त्यातलं पाणी सांडलं, ते तिनेच पुसलं.

"अहो, बंद करा तो टीव्ही," ती म्हणाली. "उद्या पुन्हा लांबून फेरा आहे तुम्हाला. भात घ्या आणखी, आणि लवकर झोपा."