गाभण डुकरिणीची बडदास्त

लग्न होऊन मी पनवेलला आले ती दगडाच्या खाणीजवळच्या वस्तीत. दिवसभर पाट्या वाहायच्या आणि घरी आलं की घरामागच्या डुकरिणीचं खाणं शिजवायचं. कुणाची म्हैस आणि कुणाला उठाबस! ती डुकरीण सासूची. तिला पिल्लं व्हावीत, यातच सासूचा सगळा जीव.

पण मेली गाभण राहीना. नर होता सुकापूरला. तिथं दाखवून आणताना तिला वाटेत बसू द्यायचं नाही, ही आमच्यातली रीत. बसली की सगळं गळून जातं म्हणे. पुढं नवरा दोरी ओढणार, मागं सासरा काठी घेऊन ओरडणार. घरी पोचेस्तोवर तिच्या तोंडाला फेस. त्यावर पाठीवर गार पाण्याची घागर ओतायची. एवढं करून तीन आठवड्यांनी ती पुन्हा माजावर. दोनदा असंच झालं. सासू त्या नराला शिव्या घालायची. तो बिचारा काय करणार!

माझंही तेच चाललेलं. दोनदा महिना चुकला आणि दोन्ही वेळा पाट्या वाहता वाहता गेलं. तेव्हा शिव्या मात्र मला.

शेवटी सासरा गुरांच्या दवाखान्यात गेला. मी बाजाराला निघालेली, म्हणून मीही दारात उभी राहिले. सगळं ऐकून डॉक्टरनं कपाळाला हात लावला.

"अरे बाबा, पळवता कशाला तिला? पहिले काही दिवस पोटातले जीव इवलेसे असतात, अजून नीट रुजलेले नसतात. आई घाबरली, दमली, की भीतीचा रस तिच्या रक्तात उतरतो. मग ते टिकत नाहीत कधीकधी. महिनाभर तिला हाकलू नका, तिच्यावर ओरडू नका."

मी ऐकतच राहिले. इतकी वर्षं मला हे कुणी का सांगितलं नाही?

पुढच्या खेपेला नरच आमच्या दारी आणला. नंतर डुकरिणीची काय ती बडदास्त! घरामागच्या चिंचेखाली सावलीला जागा, उन्हाच्या बाजूनं गोणपाट, कुत्री हाकलायला सासरा स्वतः बसलेला. ती या वेळी पुन्हा माजावर आली नाही. सासूचा चेहरा फुलला.

त्याच दिवसांत माझा महिना चुकला. धीर करून मी सासूला म्हणाले, "आत्याबाय, आधीचं दोन गेलं. थोडं दिस मला पाट्यांना धाडू नका. डाक्तर काय बोलला त्ये मामंजींनी सांगितलंय ना तुमाला?"

"तो ढोरांचा डाक्तर हाय," सासू म्हणाली. "बाईनं काम केलं तर बाळंतपण सोपं जातं. आमी काय बसून पोरं काढली?"

नवऱ्याकडं पाहिलं. तो विडी पेटवत होता. मी पाटी उचलली. भांडायचं त्राण नव्हतं हो, खरंच नव्हतं.

खाणीच्या चढावर पोटात कळ आली. कशीबशी घरी आले आणि मागच्या अंगाला भिंतीशी बसले. लुगडं भिजलेलं पाहिलं तेव्हा माझा टाहो फुटला. इतकी मी आईच्या मरणालाही रडले नव्हते. सासू धावत आली. मला वाटलं, जवळ घेईल.

तिनं माझ्या तोंडावर हात दाबला. "गप गं, मोठ्यानं रडू नको," ती म्हणाली. "डुकरीन घाबरंल."