खरबुजावरचं कव्हर

आमचं रान राजगुरुनगरच्या अलीकडे आणि माझी नोकरी चाकणला, कंपनीत. मागच्या वर्षी व्हायरसने खरबुजाचा अख्खा प्लॉट गेला. पानं आकसली, फळं वेडीवाकडी झाली. त्या रोगावर औषधच नाही. रोगट वेलाचा रस प्यायलेला मावा, ती बारीक उडती कीड, चांगल्या वेलावर बसला, की तो वेलही गेला. यंदा लागवड करतानाच सासऱ्यांनी सांगून टाकलं, हेही गेलं तर जमीन गोदामाला भाड्याने देणार.

म्हणून वेलांवर पांढरं कापडी कव्हर घातलं. त्यातून मावा आत जात नाही. पण मधमाशीही जात नाही. मादी फुलं आली की ते काढावंच लागतं. फुलं आली आणि नेमकं आभाळ भरून आलं. असलं ढगाळ, कोंदट हवामान माव्याच्या पथ्यावर पडतं. कव्हर काढावं तर रोगाची भीती, ठेवावं तर फळ नाही. सासरे दिवसभर बांधावर बसून राहायचे. मला त्या आभाळाचा असा राग आला होता, की माणूस असतं तर चांगलं फैलावर घेतलं असतं.

त्यात एकदा शिफ्ट सुटल्यावर मी कंपनीचं भडक पिवळं जाकीट तसंच घालून रानात गेले. बघता बघता त्यावर मावा बसला.

"अगं, पिवळं घालून येतं का कुणी रानात? त्या रंगावरच येतोय त्यो," सासरे करवादले.

"मामा, बरंच झालं की," मीही फणकाऱ्याने म्हटलं. "रानात लावलेल्या पिवळ्या चिकट सापळ्यावर जुना-नवा मावा सगळा एकत्र चिकटलेला. आज हवेत किती हाय, ते ह्यावर कळतंय."

 दुसऱ्या दिवशी सासरे स्वतःच म्हणाले, "ते जाकीट घालून बांधानं एक चक्कर मार."

मग रोज मी जाकीट झटकून बांधावरून मिरवायचे आणि नंतर सासरे ते मांडीवर पसरून चष्म्यातून न्याहाळायचे. रस्त्याने जाणारे हसायचे. हसू देत.

एके सकाळी आभाळ निवळलं, कोरडा वारा सुटला. तरी सासरे दोन-तीन दिवस थांबले. मग जाकिटावर शोधूनही मावा सापडेना, तेव्हा आम्ही कव्हर काढलं. मधमाश्या आल्या. फळं धरली. पण रोग आधी नव्या शेंड्यांत दिसतो, ते बघेपर्यंत जिवात जीव नव्हता.

शेंडे आले ते सरळ, हिरवेगार. रोग आला नव्हता. सासरे एक शेंडा बोटांत धरून कितीतरी वेळ बसले होते.

"पुढच्या साली पलीकडचं वावरबी खरबुजालाच धरू," ते म्हणाले.

 मी जाकीट झटकलं आणि पलीकडच्या वावराच्या बांधाला लागले.